कर्नलचा उपास

मरोळच्या गावठाणात उर्सुलाच्या हट्टापुढे कुणाचं काही चालत नसे. ईस्टरआधीचा उपासकाळ लागला की तिच्या घरात मांस-मासळी शिजत नसे आणि घर जे खाईल तेच कर्नल खाई. कर्नल म्हणजे तिचा तपकिरी कुत्रा. नवरा कॉस्मस म्हणायचा, "अगं, कुत्र्याला कसला उपास?" ती त्याला गप्प करायची आणि गावभर मिरवायची, "बघा, वरण-भातावर कसा तकतकतोय माझा भक्त!"

पावसाळ्यात कॉस्मस गेला. त्याच्या आत्म्यासाठी यंदा तिने उपास आणखी कडक धरला, अंडंसुद्धा बंद. पण भक्ताची पार वाट लागली. केस झडले, बरगड्या दिसू लागल्या, मग उठणंही थांबलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "नुसत्या वरण-भातावर हा ईस्टर बघायचा नाही. अंडी, कलेजी, मासे, नाचणी, भोपळा, आलटून पालटून द्या."

घरी येऊन उर्सुला ओट्यापाशी मटकन बसली. नेम नवऱ्यासाठी धरलेला आणि कुत्राही नवऱ्याचाच लाडका. तिला रडू फुटलं.

ते ऐकून शेजारची नलिनी धावत आली. बाई मूळची मालवणकडची.

"ह्याचो उपास कसलो गे?" ती म्हणाली. "भावजी दरवर्षी माझ्या गॅसवर शिजवून घ्यायचे ह्याच्यासाठी. आज कलेजी, उद्या काटे काढलेला बांगडा, परवा नाचणीत अंडं. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. यंदा भावजी नाहीत, म्हणून ते बंद पडलं."

"म्हणजे इतकी वर्षं दोघांनी मला उल्लू बनवलं?" उर्सुला भडकली. मग रडतारडताच तिला हसू आवरेना. "आणि मी येडी सगळ्यांना सांगत फिरले! चल, पेटव तुझा गॅस. कलेजी मी आणते."

पहिल्या दिवशी कर्नलने नुसतं चाटलं. बांगड्याच्या दिवशी मान उचलली. नाचणी-अंड्याला तो स्वतःच्या पायांनी नलिनीच्या दारात जाऊन उभा राहिला, तेव्हा दोघींनी एकमेकींना मिठीच मारली.

ईस्टरच्या सकाळी चर्च सुटलं आणि लोक बाहेर पडतात तोच कर्नल कुंपणावरून उडी टाकून एका कोंबड्यामागे सुसाट सुटला. अंगावर नवे केस चमकत होते. माणसं ओरडली, "अरे, पकडा त्याला!"

"खबरदार! पळू दे त्याला!" उर्सुला पदर खोचून मागे धावली. धापा टाकत वर बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "जिंकलास रे कॉस्मस! मी हरले!"

हरण्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.