लाल चालतोय

बाईंना इंग्रजी येतं, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नसे. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसून धाकट्या बहिणीशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून त्या जवळच्या शिवणकारखान्यात जाऊ लागल्या. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं वाचायची, सगळ्यांना अर्थ सांगायचा आणि उत्तर लिहून द्यायचं, एवढंच काम. पण त्या आल्या की मालक स्वतः खुर्ची पुढे सरकवायचे आणि मशिनी क्षणभर थांबायच्या. बाईंना ते आवडायचं. शब्दकोश त्या मुद्दाम घरी ठेवून यायच्या. कोश उघडून अर्थ सांगायचा तर मग एकतीस वर्षं काय केलं, असं त्यांना वाटे.

मागच्या शेडमध्ये रंगाच्या टाक्या होत्या. तिथला रंगारी बाईंचाच जुना विद्यार्थी. सहावीत धडा वाचताना तो असा अडखळायचा, की एकदा बाई वैतागून म्हणाल्या, "अरे, माणूस आहेस की ठोकळा?" वर्ग खो खो हसला आणि नाव चिकटलं. आता त्याच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, दोन लेकरांचा बाप झाला होता, तरी मशिनीवरच्या बायका त्याला ठोकळाच म्हणत. तोही ओ द्यायचा.

त्या वेळी लहान मुलांच्या एप्रनची मोठी ऑर्डर आली होती. पांढरं कापड आणि त्याला रंगीत पट्टी. निळ्या, हिरव्या आणि लाल पट्टीची सॅम्पलं गिऱ्हाइकाला पाठवून झाली होती, आणि त्याचं पत्र आलं. बाईंनी चष्मा चढवला आणि उभ्याउभ्याच अर्थ सांगितला.

"निळा ठीक आहे म्हणतायत. हिरवाही ठीक. आणि लाल..." बाईंनी मालकांकडे हसून पाहिलं. "द रेड रन्स. म्हणजे लाल चालतोय, चांगला चालतोय. पुन्हा रन करा म्हणतायत, बाकीच्या मालाआधी. लालच आधी काढा."

"बघा!" मालक खूश झाले. "रनिंग माल म्हणजे लालच!"

तेवढ्यात शेडच्या दारातून रंगारी आला. हातात ओल्या कापडाचा तुकडा होता, पांढऱ्यावर गुलाबी ओघळ आलेला.

"मालक, लाल सुटतोय," तो म्हणाला. "मला आणखी दोन दिवस द्या. पक्का करून देतो."

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पत्र त्याच्यासमोर धरलं.

"हे वाच बरं."

तो पत्राकडे बघत राहिला. ओठ हलले, शब्द काही फुटला नाही.

"सहावीतही असाच उभा राहायचास," बाई म्हणाल्या. "अरे, गिऱ्हाईक सांगतंय लाल चालतोय, आणि तू सांगतोस सुटतोय! गिऱ्हाइकापेक्षा तुला जास्त कळतं?"

बायका हसल्या. रंगारीही कसनुसं हसला, तुकडा मुठीत चुरगळला आणि मागे गेला. लाल पट्टीचे एप्रन रातोरात कापले, आठवड्याभरात शिवले आणि गेलेसुद्धा.

दीड महिन्याने सगळा माल परत आला. पहिल्याच धुण्यात लाल पट्टीने अख्खा एप्रन गुलाबी करून टाकला होता. सोबत पत्र होतं. मालकांचा चेहरा काळवंडला होता. बाई वाचू लागल्या आणि तिसऱ्या ओळीवर अडल्या. गिऱ्हाइकाने लिहिलं होतं: आम्ही आधीच कळवलं होतं की द रेड रन्स.

लाल चालतोय असं नव्हतंच ते. लाल सुटतोय. रंगाऱ्याने ओला तुकडा हातात धरून जे सांगितलं होतं, अक्षरशः तेच पहिल्या पत्रात होतं. पुन्हा रंगवून बघा, मगच माल काढा, असं ते बिचारे विनवत होते.

"काय म्हणतायत?" मालकांनी विचारलं.

बाईंनी ती ओळ गाळली. एकच ओळ. "रंग सुटल्याबद्दल तक्रार आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचं वाचून मोकळ्या झाल्या.

मालकांनी रंगाऱ्याला बोलावलं, सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. रंगारी एक शब्द बोलला नाही. त्याने खुंटीवरचा सदरा घेतला, डबा घेतला आणि निघून गेला. बाई टेबलाच्या कडेवरचा रंगाचा ठिपका नखाने खरवडत बसल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी कोश काढला. रन या शब्दाने दोन पानं भरली होती. माणूस धावतो, नदी वाहते, नाक गळतं, मोजा उसवतो, कारखाना चालतो, निवडणुकीला उभं राहतात. सगळं त्या एका शब्दात. आणि खाली, रंगाच्या बाबतीत: सुटणे, पसरणे. त्या अर्थासमोर पेन्सिलची बारीक खूण होती. बाईंचीच. कधीतरी, तरुणपणी, त्यांनी हा अर्थ वाचून त्यावर खूण केली होती.

"जेवायला ये," बहीण आतून म्हणाली.

"पोट बरं नाही."

"पोट तुझं कधी बिघडलेलं मी बघितलं नाही. काय झालंय?"

"काही नाही म्हटलं ना!"

पाच दिवस असेच गेले. रोज ठरवायचं, आज सांगू. रोज कारखान्यात गेलं की खुर्ची पुढे सरकायची आणि त्या बसून नुसती पत्रं वाचायच्या. शेडमध्ये कुणी नवा माणूस आला होता. तो टाकीपाशी शीळ घालायचा. बाईंना ती शीळ ऐकवत नसे.

सहाव्या दिवशी बाजारात रंगारी दिसला. एका दुकानापुढे पोती उतरवत होता. बाई रस्ता ओलांडून पलीकडे जाणार, तोच त्याने हाक मारली, "बाई!" खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं, हात पुसले आणि वाकून नमस्कार केला.

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "तू त्या दिवशी बोलला का नाहीस? आधीच सांगितलं होतंस की तू!"

"बोलून काय करणार, बाई," तो म्हणाला. "पत्रात रंग चांगला म्हणून लिहिलेलं. तुम्ही वाचलेलं म्हणजे चुकायचं कारण नाही. मलाच वाटलं, वीस वर्षं रंगात हात घालून हाताची जाणच गेली असेल. तरी विचार करतो, आधी सुटत होता, मग गिऱ्हाइकाला चालला कसा, आणि परत सुटला कसा? माझ्या डोक्यात बसत नाही."

त्याने रागावून दोन शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. हा माणूस आठवडाभर स्वतःच्या हातांवर संशय घेत पोती उचलत होता.

त्या वेळीही त्यांना सांगवलं नाही. "येते मी," एवढंच म्हणून त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या आणि खुर्ची पुढे आली तरी बसल्या नाहीत. दोन्ही पत्रं मागून घेतली. मशिनी बंद करायला लावल्या आणि ओळन् ओळ वाचून अर्थ सांगितला, गाळलेल्या ओळीसकट. मधे एकदा घोटभर पाणी प्यायल्या आणि पुढे वाचलं.

मालकांनी दोन्ही पत्रं हातात घेतली. मग म्हणाले, "चूक कुणाचीही होते, बाई. पण ती ओळ तुम्ही खाल्लीत."

"हो," बाई म्हणाल्या.

मशिनीवरची एक म्हातारी मान न उचलता म्हणाली, "आणि आम्ही फिदीफिदी हसलो."

मालक रंगाऱ्याला निरोप पाठवणार होते. बाई म्हणाल्या, मी जाते. दोन जिने चढून त्या त्याच्या दारात उभ्या राहिल्या. तो, बायको आणि दोन्ही लेकरं घरीच होती. बाईंनी दारातच सगळं सांगितलं. रंगारी ऐकत होता. ऐकताना त्याने स्वतःचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, जणू कुणीतरी ते आत्ताच परत आणून दिले होते.

"म्हणजे सुटतच होता," तो पुटपुटला.

"सुटतच होता. तू बरोबर होतास. मी चुकले, आणि चुकल्यावर लपवलं."

त्याची मोठी मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. ती बापाच्या मागून पुढे आली.

"मग आमच्या बाबांना सगळे ठोकळा का म्हणतात?"

"गप," आई म्हणाली.

"तिला विचारू दे," बाई म्हणाल्या. मुलीच्या डोळ्याला डोळा देणं जड जात होतं, तरी त्यांनी दिला. "ते नाव मी ठेवलं. तुझे बाबा तुझ्यापेक्षा थोडेच मोठे होते तेव्हा. वाचताना अडखळत होते, आणि शिकवायचं सोडून मी त्यांना हसले."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. वर्गात कुणी असं बघितलं असतं तर बाईंनी त्याला बाहेर उभं केलं असतं.

"बाई," रंगारी शेवटी म्हणाला, "मी येतो सोमवारपासून. पण आता तुम्ही या." बसा म्हणाला नाही, पाणीही विचारलं नाही. दार मात्र बाई पहिला जिना उतरेपर्यंत उघडं ठेवलं.

सोमवारी तो कामावर आला. बाई गेल्या नाहीत. मंगळवारी बहीण म्हणाली, "आता काय, तोंड लपवून बसणार?" तेव्हा त्या चप्पल घालून निघाल्या. आज खुर्ची कुणी पुढे सरकवली नाही. त्यांनी ती स्वतःच ओढून घेतली. नवं पत्र आलं होतं, लाल पट्टी पुन्हा पाठवण्याबद्दल. मालक, म्हातारी शिवणकरीण आणि शेडच्या दारात रंगारी, तिघंही वाट बघत होते. बाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"इथे एक शब्द आहे," त्या म्हणाल्या, "त्याचा अर्थ मला नक्की माहीत नाही."

"मग त्यांनाच विचारू," मालक म्हणाले आणि फोन उचलून बाईंपुढे धरला. रंगारी दाराला टेकून उभा राहिला. बाईंकडे त्याने पाहिलं नाही.