तिथे पाय देऊ नका

बेलकासमने सुरीने बोंडाची दोन्ही टोकं उडवली, मधे एक चीर दिली आणि निवडुंगाचा तो लालभडक गर हनीफापुढे धरला. तिने घेतला, पण तोंडात घालवेना.

अल्जीरियातल्या ब्लिदाजवळचा हा रस्ता आता फोटोंसाठी नावाजला होता. दोन्हीकडच्या चिनारांनी वर हात गुंफलेले, भर उन्हाळ्यात खाली गारवा. यादवीच्या वर्षांत हनीफाच्या लेकाला, ताहरला, इथेच बसमधून उतरवून नेलं होतं. नेणाऱ्यांच्या अंगावर लष्कराचे कपडे होते. पण ते खरे शिपाई की डोंगरातले बंडखोर, हे कुणालाच कळलं नाही. मेला म्हणून रडावं तर कबर नाही, जिवंत म्हणून वाट बघावी तर किती? तिला कबर हवी होती, बाकी काही नको. "एकदा जागा तरी बघ, मन हलकं होईल," म्हणत लेकीने, नाबिलाने, आज तिला ओढून आणलं होतं.

बोंडं विकणारा बेलकासमही डोंगरातूनच उतरलेला. सरकारने त्याला माफी दिली आणि झाल्या गोष्टी उकरायच्या नाहीत म्हणून कुलूप घातलं ते गावाच्या तोंडाला.

"आई, त्या वाकड्या झाडाखाली उभी राहा. उजेड झकास आहे."

"तिथं नको," बेलकासम म्हणाला. "इकडं या, सावली दाट आहे."

"दादा, तू बोंडं सोल. फोटो मी काढतेय."

"ताई, नको म्हटलं ना! तिथं पाय देऊ नका."

त्याचा आवाज इतका चढला की तोच दचकला. खाली मान घालून तो रिकामी साल सोलत बसला.

हनीफा त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"सगळ्यांनाच अडवतोस?"

"सगळ्यांनाच, मावशी."

"माझ्या पोराच्या अंगात पिवळा स्वेटर होता. मी विणलेला."

त्याने सुरी खाली ठेवली.

"रात्र होती, मावशी," तो पुटपुटला. "रंग दिसत नव्हते."

"आई, काय म्हणतोय हा?" नाबिलाचा मोबाइल तसाच वर धरलेला.

हनीफाने सपाता काढल्या. अनवाणी ती त्या झाडापाशी गेली आणि गवताच्या कडेला बसली. तिचा ताहर इथे पुरलेल्यांत असेल किंवा नसेलही. तिने दोन्ही तळवे उघडले आणि तिथे जे कोणी होते त्या सगळ्यांसाठी फातेहाची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली.