बाबांची सीट

गाडी ठेवायची की भंगारात द्यायची, याचा निकाल त्या सकाळी इंजिनच देणार होतं. दादाची अट सरळ होती: कॉम्प्रेशन तपासा, सिलिंडरमध्ये दम असेल तर गाडी आईपाशी राहील, नाहीतर भंगारवाल्याला फोन. बाबा गेल्यापासून ती जागची हलली नव्हती. धाकटीचं स्वतःचं गॅरेज होतं, रोज ती दहा इंजिनं उघडायची. पण हे इंजिन बाबांचं, त्यामुळे हात जरा कचरत होते.

तिने चांगली बॅटरी लावून इंजिन गरम करून घेतलं आणि बंद केलं. मग बाबांनी शिकवलेल्या क्रमाने सगळं: पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून खिशात, कॉइलची वायर सोडलेली, चारही प्लग बाहेर. ठिणगी नाही, पेट्रोल नाही, म्हणजे भडका उडायची भीती नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पहिल्या प्लगच्या भोकात तिने दाब मोजायचा गेज घट्ट बसवला.

आई स्टिअरिंगवर बसली. हे काम लग्नापासून तिचंच. एक्सलरेटर तळापर्यंत दाबायचा, म्हणजे इंजिनला पोटभर हवा मिळते, आणि किल्ली फिरवायची.

"मार सेल्फ!" धाकटी ओरडली.

काहीच नाही.

"अगं आई, मार ना!"

"बहिरी नाही मी," आई आतून म्हणाली. "तुझे हात कुठे आहेत ते मला कसं कळणार?"

धाकटीचे हात अजून इंजिनातच होते. बॉनेट उघडं असलं की आतून पुढचं काही दिसत नाही. म्हणून बाबा हात बाहेर काढून मडगार्डवर दोनदा टकटक करायचे, मगच किल्ली फिरायची. त्यांची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत राहिली, त्याचं श्रेय आई दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायची नाही. धाकटीने हात काढले आणि दोनदा टकटक केली. मग सेल्फ फिरला.

काटा हवा त्याच्या निम्म्यावरच जाऊन थांबला. दुसऱ्या सिलिंडरला तेच, तिसऱ्या-चौथ्यालाही तेच.

"संपलं म्हणायचं," दादाने फोन काढला. त्याचाही चेहरा पडला होता.

पण चारही सिलिंडर एकदम, सारखेच कसे म्हातारे होतील? ती खिडकीपाशी गेली.

"आई, पाय तळापर्यंत दाबलायस ना?"

"पोचतोय तेवढा दाबलाय."

सीट पार मागे होती, बाबांच्या लांब पायांसाठी. पूर्वी आई दर वेळी ती पुढे ओढायची, आणि नंतर बसताना बाबा कुरकुरायचे, "बाईसाहेब, गुडघे कानाला लागले की हो!" धाकटी बापाच्याच उंचीची, तिला बसल्यावर काही जाणवलंच नव्हतं. आणि बाबा गेल्यापासून आईने ती सीट कुणाला सरकवू दिली नव्हती.

"तू ऊठ, दादा बसेल," धाकटी हळूच म्हणाली.

आई समोर बघत राहिली. "हे काम माझं आहे," ती म्हणाली. मग तिने खाली वाकून खटका ओढला. सीट करकरत पुढे आली. आईचे डोळे भरले होते, पण पाय तळाला टेकला होता.

टकटक. काटा चढत गेला, चढतच गेला. चारही वेळा. दादाने फोन खिशात घातला.

प्लग, वायर, फ्यूज जागच्या जागी गेल्यावर धाकटीने विचारलं, "सीट परत होती तशी मागे करू?"

"नको," आई म्हणाली. "आता कुरकुरायला कोण आहे?"