सगळ्या शाखा घ्या

त्या दिवशी आभाळ कोंदलं होतं. धड ऊन नाही, धड पाऊस नाही. असल्या हवेचा मला भरवसा वाटत नाही. तसा कशाचाच वाटत नाही म्हणा. मी पंपघरातला जुना पेनड्राइव्ह. कारखान्यातून निघालो तो एका फोटोग्राफरच्या खिशात पडलो, तिथून इथे आलो. शिक्षण नाही. पोटात काय लिहिलंय ते वाचता येत नाही, किती भरलंय एवढं कळतं.

इथल्या कॉम्प्युटरच्या हुकमावर पाण्याच्या झडपा उघडतात, मिटतात. लांबून कुणी हात घालू नये म्हणून त्याला इंटरनेट नाही. इंजिनिअर ताई झडपांचा प्रोग्रॅम लिहितात. तो आणि त्यात कधी काय बदललं ती सगळी हकिगत एका गठ्ठ्यात बांधून माझ्या पोटात घालतात, आणि मी ती इकडून तिकडे नेतो.

त्या दिवशी तो कॉम्प्युटर पुसून नवा बसवायचा होता. ताई पलीकडच्या इमारतीत अडकलेल्या. त्यांनी कागदावर लिहून ठेवलं होतं : ‘मुख्य शाखा आणि बाकीच्या सगळ्या शाखा गठ्ठ्यात घ्या. गठ्ठा तपासा. मगच जुनं पुसा.’

स्टोअरवाल्या काकांनी कागद मोठ्यानं वाचला. मला उलटंसुलटं बघितलं. “कुठे शेण खाऊन आला नाहीस ना?” हे रोजचंच.

“मुख्य शाखा म्हणजे आपण,” ते कॉम्प्युटर पुसायला आलेल्या दुरुस्तीवाल्याला म्हणाले. “बाकीच्या शाखा टेकडीपलीकडे. त्यांचं ते बघतील.”

दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटरकडून गठ्ठा बांधून घेतला, तपासूनही घेतला. काकांनी पडद्यावर वाचलं. “ठीक आहे म्हणतोय.”

“मग करा सही. पुसून टाकतो.”

माझ्या पोटात मात्र कावळे ओरडत होते. दर खेपेला तुडुंब होणारा मी, आज अर्धपोटी! बांधलं तेवढं धड असेल. सगळं बांधलं कशावरून? पण मला तोंड कुठंय?

काकांचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. “या कॉम्प्युटरनंच बांधलं, त्यानंच पास केलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! ताई बघतील, मग सही.”

“काका, तुम्ही बायकोनं दिलेला चहासुद्धा तपासून पीत असाल.”

“पितोच. एकदा मीठ निघालं होतं.”

मला मुठीत धरून ते ताईंकडे गेले. ताईंनी गठ्ठा उघडला आणि त्यांचा चेहराच उतरला.

“काका, एकच शाखा? पुराच्या झडपेचं काम कुठंय? दोन वर्षं घातलीत मी त्यात!”

“ते आपल्या ऑफिसचं होतं होय?”

“अहो, ऑफिसच्या नव्हेत, प्रोग्रॅमच्या शाखा! चालू काम मुख्य शाखेत, पारखायचं राहिलेलं बाजूच्या शाखांत. पुसलं का जुनं?”

“सहीच दिली नाही मी.”

 ताई तडक काकांबरोबर पंपघरात आल्या, सगळं पुन्हा बांधलं, एकेक शाखा मोजून घेतली. मी गळ्यापर्यंत भरलो. कागदावरचं ‘शाखा’ खोडून त्यांनी ‘प्रोग्रॅमच्या फांद्या’ लिहिलं. काकांनी तेही दोनदा वाचलं, आणि मग सही केली.

आता मी खणात पडून असतो. बाजूला एक नवा पेनड्राइव्ह आणून ठेवलाय. आल्या आल्या तो मला म्हणाला, “आजोबा, जरा सरका. तुमच्या पोटात आहे ते सगळं मलाही भरवलंय. ताई म्हणाल्या, म्हाताऱ्यावर विश्वास आहे, पण एकट्यावर नाही.”