दुपारची कुजबुज

मित्रांनो, मी टेबलाखाली घडी घालून ठेवलेली एक जुनी खाट आहे. चीनमधल्या शेन्झेन शहरातल्या एका बड्या संगणक कंपनीत माझं आयुष्य गेलं. आमच्याकडे दुपारची जेवणं झाली की दिवे मालवतात. मग टेबलांखालून खाटा निघतात आणि शिकलीसवरलेली माणसं बूट काढून ओळीनं आडवी होतात. माझे पाय आता वाकलेत, कापडाला मधोमध झोळ आलाय. इतकी दमलेली माणसं पेलायची म्हणजे खाटही दमतेच.

माझी मालकीण फंग रुईलान, दूर हुनान प्रांतातल्या खेड्यातली. कंपनीची निंदा मी करणार नाही. कंपनीच्याच विम्यावर रुईलानच्या वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. जेवण फुकट, तेही चांगलं. सोबतची माणसं हुशार. पण रात्री ती मोकळी होईपर्यंत गावी आजीजवळ तिची लेक मिआनमिआन झोपून जायची. गेली दोन वर्षं तर नववर्षाच्या सणालाही कामच लागलं, गावी जाणं झालंच नाही. म्हणून मायलेकी फोनवर बोलायच्या दुपारी, त्या अंधारात, माझ्यावर पडून. आजूबाजूचे झोपलेले, त्यामुळे कुजबुजत.

"जेवलीस का गं?"

"हो. भोपळा होता."

शेजारच्या खाटेवरून तिचा सहकारी पेंग डोळे न उघडता म्हणायचा, "रुईताई, तिला सांग, मामालाही ठेव थोडा."

यंदा रुईलानला बढती देऊ केली. त्याच सुमारास मिआनमिआन शाळेत जाणार होती. आजीनं बजावलं, "आता मला झेपत नाही. तू तरी ये, नाहीतर हिला घेऊन जा." बढती घेतली तर लेकीला सांभाळायचं कुणी? रुईलान नुसती कूस बदलायची आणि मी कुरकुरायची. मला तिची फार कीव यायची.

कंपनीत वर्षातून एक दिवस घरच्यांना बोलावतात. त्या दिवशी आजीचं बोट धरून मिआनमिआन आली. पोरीला दाखवायला मलाही उघडून ठेवलं होतं. फुगे, गाणी, नुसता गोंगाट. रुईलाननं तिला उचललं. पोर आईच्या कानाला तोंड लावून काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल ना सोन्या! काही ऐकूच येत नाही!"

पोर दचकून मागं झुकली. आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, तुझा आवाज असा आहे?"

रुईलान माझ्यावर बसली. तेवढं वजन मी कधी पेललं नव्हतं.

तिनं बढती नाकारली आणि गावाजवळच्या शहरात लहानशी नोकरी धरली.

"वेड लागलंय का तुला?" पेंग म्हणाला.

"लागलं असेल."

जाणाऱ्यानं आपली खाट शेजाऱ्याला द्यायची, ही आमच्याकडची रीत. म्हणून मी पेंगकडे आले. परवा दुपारी त्याचा फोन वाजला.

"अगं, हळू! सगळे झोपलेत!" तो कुजबुजला.

"आम्ही नाही झोपलो!" पलीकडून मायलेकी एकदम ओरडल्या. दोन-चार माणसं उठून बसली.

मित्रांनो, दमलात तर खुशाल पडा माझ्यावर. अधूनमधून माझे स्क्रू तेवढे आवळा. पण तुमचा खरा आवाज घरी नेत जा. माझं कुजबुजीवर भागतं.