सोबतीला कोण?

सोबतीला कोण येणार, असं काउंटरवरच्या मुलीनं विचारलं तेव्हा नळीमास्तरांनी जराही न अडखळता ‘पुतण्या’ असं सांगितलं आणि वर त्याचा फोन नंबरही दिला. ज्याला खोटं बोलायची सवय नसते तो एकदा बोलला की फार नेटकं बोलतो. पुतण्या होता, नाही असं नाही. पण तो समुद्रापलीकडे राहायचा आणि काकांच्या वाढदिवसाला फोनवर केकचं चित्र पाठवून मोकळा व्हायचा. दिलेला नंबर मास्तरांचा स्वतःचाच होता. कंपनीतला जुना फोन त्यांनी निवृत्तीनंतरही जपला होता, न चुकता चार्ज करत होते आणि जातील तिथं पिशवीतून नेत होते. न जाणो, कुणाला आपण बनवलेल्या नळीबद्दल काही विचारायचं असलं तर? आजवर कुणाला काही विचारायचं नव्हतं.

ऑपरेशन हर्नियाचं होतं. जांघेत लिंबाएवढा फुगवटा यायचा. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चालढकल नको, एखाद्या दिवशी आतडं तिथं अडकून बसलं तर जिवावर बेतेल. मास्तरांना हे सांगायची गरज नव्हती. हर्निया या विषयात त्यांनी आपलं उभं आयुष्य घातलं होतं, फक्त आजवर तो दुसऱ्यांचा होता.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेलं भोक. त्यावर ठिगळ लावायचं, आणि ते ठिगळ म्हणजे एक मऊ जाळी. पूर्वी त्यासाठी पोट वीतभर कापायचे. मग दुर्बिणीची ऑपरेशनं आली आणि नवीन पेच पडला, की तळहाताएवढी जाळी बोटाएवढ्या भोकातून आत न्यायची कशी, आणि नेलीच तर तिचा चोळामोळा न होता ती पसरायची कशी. हा पेच मास्तरांनी सोडवला. त्यांच्या नळीत जाळी सतरंजीसारखी गुंडाळून बसायची. नळी आत गेली की मूठ फिरवायची. दोन बारीक दांड्या बाहेर यायच्या, जाळी सपाट अंथरायच्या आणि गुपचूप परत नळीत शिरायच्या. बायको म्हणायची, जन्मात घरातली चादर कधी नीट घातली नाही आणि लोकांच्या पोटात अंथरुणं घालत फिरतोय. ती होती तोवर घरात निदान हसायला कारण होतं. ती गेली आणि चादर खरोखरच कुणी नीट घालेना.

नळीमुळे झालं काय, की पेशंट सकाळी यायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. कंपनीच्या माहितीपत्रकावर मास्तरांनीच लिहून दिलेलं वाक्य होतं, ‘सकाळी या, संध्याकाळी आपल्या माणसांत जा.’ दवाखान्यांनी मग रात्रीच्या खाटा कमी केल्या आणि अशा पेशंटांसाठी दिवसापुरता वॉर्ड काढला. त्याला संध्याकाळी कुलूप लागायचं. नियम मात्र कडक होता. भूल दिलेल्या माणसाला चोवीस तास एकटं ठेवायचं नाही. न्यायला आणि सोबतीला कोणी नसेल, तर ऑपरेशनच नाही. नियम अगदी रास्त होता, आणि त्याचा राग यावा असं त्यात काही नव्हतं, म्हणून मास्तरांना स्वतःचाच राग यायचा.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. बहिणीला फोन लावला. तिनं आधी आपल्या गुडघ्यांचं सांगायला घेतलं आणि ते संपेपर्यंत मास्तरांचा धीर संपला. ‘जिना सांभाळून उतर,’ एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मग वरच्या मजल्यावर गेले. तिथं एक तरुण जोडपं राहायचं, हसतमुख आणि सतत घाईत असलेलं. दार उघडल्यावर आतून टीव्हीचा आणि भांड्यांचा आवाज आला, आणि मास्तरांनी विचारलं, “तुमच्याकडे पाणी येतंय ना?” येतंय म्हणाले. मास्तर खाली आले.

मग त्यांनी एखादं अवजार तपासावं तशी घरी एकटं राहण्याची तयारी केली. दूध, ब्रेड आणि गोळ्या पलंगाशी. पलंगापासून मोरीपर्यंत हाताला आधार म्हणून घरातल्या सगळ्या खुर्च्या ओळीनं मांडल्या आणि वाकून, पोट धरून, दोनदा चालून पाहिलं. संध्याकाळी पुतण्या खाली गाडीत थांबलाय असं सांगायचं आणि सटकायचं. सगळं तपासून झालं होतं. दवाखान्यातून पुतण्याला फोन जाईल, एवढं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

त्या सकाळी वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी एक खुर्ची होती आणि प्रत्येक खुर्चीत कोणीतरी होतं. पाठीमागे नाड्या असलेला तो दवाखान्याचा अंगरखा घालून मास्तर खाटेवर बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या जाड्या गृहस्थांना त्यांची बायको मोजे काढले नाहीत म्हणून फैलावर घेत होती. गृहस्थ कंटाळून छताकडे बघत होते. मास्तरांना त्यांचा इतका हेवा वाटला की त्यांनी मान फिरवली.

“पुतणे आले नाहीत अजून?” असं म्हणत सिस्टरनं कागद पाहून फोन लावला. खाटेखालच्या पिशवीतून, जुन्या फोनला शोभेल अशा खणखणीत आवाजात, घंटी वाजू लागली. सगळ्या वॉर्डानं वळून पाहिलं. मास्तर समोरच्या भिंतीकडे असे बघत राहिले जणू पिशवी शेजाऱ्यांची आहे. सिस्टरनं फोन कट केला. घंटी थांबली. तिनं परत लावला, परत वाजली. मोजेवाल्या बाई भाबडेपणानं म्हणाल्या, अहो, तुमचा फोन वाजतोय.

सिस्टरनं पडदा ओढला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खुर्चीत बसून आवाज खाली आणला.

“काका, खरं सांगा. घरी कोण आहे?”

“कोणी नाही,” मास्तर म्हणाले.

बायको गेल्यापासून हे रोज खरं होतं, पण तोंडानं त्यांनी ते पहिल्यांदाच उच्चारलं होतं. बोलल्यावर त्यांना लाज वाटली, ती लपवायला ते खोकले, आणि खोकल्यासरशी फुगवटा बाहेर आला.

डॉक्टरीणबाई आल्या. जाळी अंथरायला त्या मास्तरांच्याच हाताखाली शिकल्या होत्या, रबरी पोट बसवलेल्या एका खोक्यावर. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं, पण त्या बधल्या नाहीत. भूल उतरताना माणूस कोसळतो, रक्तस्राव होतो, शेजारी कोणी नसेल तर सकाळी कळतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी तुमच्याआधी दुसरा पेशंट घेते, तो होईपर्यंत माणूस आणा. नाहीतर आज नाही, आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे.

पडद्याआड बसून मास्तरांनी जुना फोन उघडला. त्यात नावं कशी, तर स्प्रिंगवाला, जाळीवाली, पॅकिंग, वाहतूक नवी, वाहतूक जुनी. माणसाचं नाव असं एकही नव्हतं. स्प्रिंगवाल्याचा नंबर बंद झालेला. जाळीवालीनं उचलला आणि “कोण बोलतंय?” असं इतक्या कोरडेपणानं विचारलं, की मास्तरांनी रॉंग नंबर म्हणून ठेवून दिला. राहता राहिला साचेवाला.

या साचेवाल्याशी मास्तरांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. नळीचा साचा त्याचा. नळीचं तोंड पोटात शिरताना खरचटता कामा नये म्हणून मास्तर ते पुन्हा पुन्हा परत पाठवायचे, आणि साचेवाला दर वेळी स्वतः घेऊन येऊन टेबलावर आदळायचा. दोष साच्यात नाही, तुमच्या ड्रॉइंगमध्ये आहे, हे त्याचं ठरलेलं उत्तर. सगळी भांडणं अहोजाहो करून, आणि माघार कधी म्हणून नाही. एकदा खरोखरच त्याची चूक होती. तेव्हा त्यानं रातोरात नवीन साचा पाडून दिला, पण चूक झाली हे दोन शब्द काही तोंडातून काढले नाहीत.

“मी नळीमास्तर बोलतोय,” मास्तर म्हणाले.

पलीकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही, साचेवाल्यानं विचारलं, कुठल्या मालात प्रॉब्लेम आला? मी तर धंदा विकला. मास्तर म्हणाले, मालात काही नाही, माझ्यातच आहे, आणि मग जे सांगायचं ते भरभर सांगून टाकलं, मध्ये थांबलो तर फोन ठेवून देऊ ही भीती होती. साचेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दवाखान्याचा पत्ता विचारला.

तो आला तो अंगात कारखान्यातला मळका एप्रन तसाच घालून. धंदा विकला असला तरी नवीन मालक त्याला कोपऱ्यात एक लेथ चालवू द्यायचा. सिस्टरनं त्याला हात धुवायला लावले आणि कागद पुढे केला. पेशंटशी नातं काय, तिनं विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“भांडणाचं,” साचेवाला म्हणाला.

सिस्टरनं ‘मित्र’ असं लिहिलं आणि दोघांपैकी कुणीही हरकत घेतली नाही.

ऑपरेशनबद्दल मास्तरांना सांगण्यासारखं काही नाही, कारण ते झोपले होते. आयुष्यभर लोकांच्या पोटात उघडलेली जाळी त्यांच्या पोटात उघडली, आणि ती नीट बसली हे त्यांना डॉक्टरीणबाईंकडून कळलं. जाग आली तेव्हा आधी छत दिसलं, मग शेजारची खुर्ची. खुर्चीत साचेवाला तोंड उघडं टाकून घोरत होता. शुद्धीवर येणाऱ्या माणसावर लक्ष ठेवायचं काम त्याला दिलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भुलीनं येतं कधी कधी, असं सिस्टर म्हणाली.

घरी आल्यावर साचेवाल्याला खुर्च्यांची ती रांग दिसली. पलंगापासून निघून मोरीच्या दाराशी संपणारी. कारागीर माणूस, कशासाठी हे त्याला विचारावं लागलं नाही. त्यानं रांगेतली एक खुर्ची ओढून पलंगाजवळ घेतली आणि तीत बसला. बाकीच्या त्यानं जेवणाच्या टेबलाशी नेऊन ठेवल्या.

मग ते बोलले. म्हणजे भांडले. नळीच्या तोंडाची गोलाई किती असायला हवी होती, यावर संध्याकाळ गेली. मास्तर उशीला टेकून बोटानं हवेत रेघा काढत होते आणि साचेवाला दर रेघेला नाही म्हणत होता. मध्येच त्यानं दूध गरम करून आणलं, ते उतू घालवलं आणि शेगडीला दोष दिला. घरी कोण कोण असतं, असं मास्तरांनी विचारलं. मुलगा आहे, सून आहे, साचेवाला म्हणाला. चांगली आहेत दोघं, म्हणजे काही बोलत नाहीत. एवढं सांगून तो परत गोलाईवर आला. रात्री मास्तर कूस बदलायला लागले की खुर्ची कुरकुरायची आणि एक हात पांघरूण सारखं करायचा. त्या घरात इतक्या वर्षांनी दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. मास्तर मुद्दाम जागे राहून तो ऐकत होते.

सकाळ झाली, मग ऊन चढलं. मास्तर आधाराशिवाय मोरीपर्यंत जाऊन आले. पोटावर तीन बारीक पट्ट्या, बास. जराशी ओढ होती, दुखणं असं नाही. नळी जशी वागायला हवी तशीच वागली होती.

साचेवाल्यानं घड्याळ पाहिलं. चोवीस तास झाले, म्हणाला, नियम संपला. त्यानं कपबशी विसळून पालथी घातली, एप्रनची घडी करून काखेत मारली आणि दाराशी बसून बूट चढवले. नाड्या बांधायला त्याला वेळ लागला. मास्तर पलंगावर बसून त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होते. दार लागलं की मागे काय उरतं हे त्यांना पाठ होतं. आधी फ्रीजचा आवाज, मग तोही बंद.

“दुखतंय,” मास्तर म्हणाले.

साचेवाल्यानं वर पाहिलं. “कुठं?”

“नळी गेली तिथं.”

देशोदेशीच्या सभांमधून छातीठोकपणे त्यांनी सांगितलं होतं की या नळीनं दुखत नाही. जो कोणी दुखतं म्हणाला त्याला पुरावे दाखवून गप्प केलं होतं. आता त्यांना साचेवाल्याच्या नजरेला नजर देववेना, म्हणून ते पांघरुणाचा काठ चिमटीत धरून बसले. त्या नळीचं तोंड कसं आहे हे जगात दोनच माणसांना नीट ठाऊक होतं. एकानं ते आखलं होतं आणि दुसऱ्यानं आपल्या हातानं घासलं होतं. त्यानं दुखणं शक्य नव्हतं.

साचेवाला खाली वाकला आणि नुकत्याच बांधलेल्या नाड्या सोडू लागला.

“माझ्या साच्यातच काहीतरी चुकलं असेल,” तो म्हणाला.