दाभण लिहिलेला बूम

मी एक जुना बूम आहे. मित्रांनो, बातम्यांमध्ये पुढाऱ्याच्या तोंडासमोरच्या माइकवर वाहिनीच्या नावाचा चौकोनी डबा बसवलेला दिसतो ना, तोच मी. माझ्या चारही बाजूंना पिवळ्या रेडियमच्या अक्षरांत 'दाभण' असे लिहिले आहे. ते नाव मिरवायची आता मला लाज वाटते.

लातूरच्या गंजगोलाईतल्या एका रेडियमवाल्याने मला घडवले. मालकीण विशाखा. तिचे वडील आडतीत तुरीची पोती दाभणाने शिवायचे, म्हणून तिने आपल्या यूट्यूब वाहिनीला ते नाव दिले. नावाची नोंदणी करून घे, असे ज्येष्ठ पत्रकार धम्मानंद सरांनी तिला बजावले होते. ती हसली. "सर, दाभण कुणा एकट्याच्या मालकीचं असतंय व्हय? आख्ख्या आडतीचं हाय ते."

आमचे दिवस चांगले चालले होते. औशाच्या बाजारापासून कंधारच्या एसटी स्टँडपर्यंत लोक मला पाहून आपणहून बोलायला येत. कॅमेरा धरणारा लखन मला रुमालाने पुसून ठेवायचा.

मग एका पत्रकार परिषदेत विशाखाने व्यंकटराव या पुढाऱ्याला विचारले, गावासाठी मंजूर झालेली पाण्याची टाकी बांधली कुठे? साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला दोन बोटांनी उचलून टेबलाखाली ठेवले. "ह्यो बाजारू डबा आधी हलवा, मग बोलतो." शेजारी कितीतरी बूम होते. त्यांचे मालक दुसरेच प्रश्न विचारू लागले आणि जेवून घरी गेले.

पुढे साहेबांच्या भाच्याने 'दाभण' हा ट्रेडमार्क आपल्या नावे व्हावा म्हणून अर्ज केला आणि यूट्यूबकडे तक्रार करून आमची वाहिनी बंद पाडली. वकील म्हणाले, नाव आधीपासून तुम्हीच वापरता हे सिद्ध करा, शेजारी बसणाऱ्या पत्रकारांची शपथपत्रे आणा. विशाखा दारोदार फिरली. कुणाला जाहिराती सांभाळायच्या होत्या, कुणी फोनच उचलला नाही. एकट्या धम्मानंद सरांनी शपथपत्र दिले. ते भांडण अजून चालूच आहे. लखनची चूल मात्र थांबणार नव्हती. तो भाच्याच्या नव्या 'दाभण' वाहिनीत गेला आणि मलाही घेऊन गेला.

आता मी सर्वांत पुढे असतो. साहेब मला स्वतः जवळ ओढून घेतात. दाभणाला टोक असते, मी नुसता डबा उरलो. लखन अजूनही मला पुसतो, पण माझ्यावरचे नाव वाचायचे टाळतो.

परवा साहेबांच्या पत्रकार परिषदेला विशाखा आली. हातात बिननावाचा माइक होता. तिने पुन्हा टाकीचेच विचारले. साहेब हसले.

"कोणत्या वाहिनीच्या तुम्ही, ताई? नाव दिसंना."

"नाव तुमच्यापाशी हाय, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "प्रश्न माझ्यापाशी राहिला."

धम्मानंद सरांनी आपला बूम टेबलावरून उचलला आणि ते तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. बाकीचे एकमेकांकडे पाहत बसले. मलाही उठायचे होते, पण मला हात नाहीत. त्यांना होते.

मित्रांनो, मला पुसू नका, जपूही नका. फक्त शेजारचा बूम कोणी टेबलाखाली ठेवला, तर तेवढा उचलून पुन्हा वर ठेवा.